कापणावळ

हिंदमातेच्या त्या काचेच्या दुकानात
पाकीट रिबिनीनं बांधून ठेवलं होतं,
आत बर्फी असावी तसं.
पाच इंची चौकोन, नग बेचाळीस,
सातशे ऐंशी.
मी दोनदा विचारलं.
मुलीनं दोनदा तेच सांगितलं, हसून.
मावशी, दोऱ्याइतकाही फरक नाही एकातही.
मशीनचा साचा असतो, एका दाबात शंभर निघतात.
तुम्ही घरी जायचं, बसायचं, शिवायला लागायचं.

बसायचं, शिवायला लागायचं.
चाळीस वर्षं मी अशीच तर बसत आले.
रविवारी दुपारी हे कापायला घ्यायचे
युनिटातून किलोवर आणलेली कातरण,
कॉलरीखालची, खिशाआडची,
कुठल्या कुठल्या देशांत गेलेल्या शर्टांची
इथे राहिलेली बाकी.
खडूची एक रेघ, आणि कात्री
उघडमीट न करता नुसती पुढे सरकायची.
मी सुईत दोरा ओवून तयार.
त्याचे पैसे पडतात
हे मला साठीनंतर कळलं.

मरोळला एका वेळी ऐंशी थर कापणारे
कुडाळकर मास्तर.
डाव्या हातात पोलादी मोजा,
तरी करंगळीचं टोक गेलंच.
आता चहा नेते तेव्हा
कप आधी बशीत वाजतो, मग ओठाला लागतो.
गेल्या महिन्यात त्यांनी एक चौकोन कापला.
मी पाहिला. त्यांनीही पाहिला.
कुणी काही बोललं नाही,
आणि दुसऱ्या दिवशी तो पायपुसण्यात शिवला गेला.

भाचीच्या लेकीचं बारसं तोंडावर,
दुपट्याचं मी कबूल करून बसलेली.

पाकीट गव्हाच्या डब्यामागे ठेवलं.
सापडलंच.
भाकरी थापता थापता वळून पाहिलं
तर रिबीन सोडून नीट गुंडाळलेली,
पलंगावर सगळे चौकोन,
आणि हे टेप घेऊन एकेक मोजतायत.
मी गॅस बारीक केला, ऐकू यावं म्हणून.
एकोणतीस.
तीस.
मध्येच थांबले, चष्मा पुसला.
एकतीस.

‘उभा धागा बरोबर धरलाय,’ म्हणाले.
‘कडेला दाते पाडलेत, दोरे सुटू नयेत म्हणून.
हुशार आहे.’
कोण?
‘कापणारा.’

तोंडाशी आलेलं मी पिठाच्या हातानं मागे लोटलं.

‘कितीला?’
चारशे, म्हटलं.
बोटानं हवेत हिशोब मांडला त्यांनी,
तो मात्र थरथरला नाही.
‘कापड साठ सेंटिमीटर भरेल. दीडशे धर.
पाकीट, रिबीन, दहा.
म्हणजे दोनशे चाळीस नुसती कापणावळ.’
पुन्हा म्हणाले, दोनशे चाळीस.
‘आम्हाला शर्टांच्या डझनाला अकरा रुपये मिळायचे.
तेही ओरडून.’
मग बराच वेळ काही नाही.
खाली वॉचमन कुणाची तरी गाडी मागे घ्यायला लावत होता,
येऊ द्या, येऊ द्या.
‘बरं झालं,’ म्हणाले,
‘आता देतात.’

खरं बिल माझ्या पर्समध्ये, चार घड्या घालून.
उरलेले तीनशे ऐंशी
आणि तो साचा
मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

सहा बाय सात मांडत होते ते.
हात हलायचा, चौकोन तिरका पडायचा,
तळव्यानं दाबून सरळ करायचे.
मापाला लागतो तेवढा हात नाही राहिला,
रंगाला लागतो तेवढा आहे.
‘ही दोन तांबडी शेजारी आली,’ म्हणाले,
आणि त्यातलं एक उचलून
कुठे ठेवावं ते पाहत राहिले.

तव्यावर भाकरी करपत होती.
मी ती उलटली नाही.